इलाज आणि निगा : जन्मतः ठिसूळ त्वचेचा प्रश्न

एपिडर्मोलायसिस बुलोसा, ज्याचा वैद्यकीय व्यवहारात ई. बी. असा संक्षेप केला जातो, हा एकच आजार नसून जनुकीय दोषांतून उद्भवणाऱ्या आजारांचा समूह आहे. आणि त्या सर्वांचे समान लक्षण असे की, निरोगी माणसाला जाणवणारही नाही इतक्या घर्षणाने किंवा दाबाने रुग्णाच्या त्वचेवर फोड येतात, ते फुटतात आणि त्यांच्या जागी उघड्या जखमा राहतात. हा आजार संसर्गजन्य नाही, तो अस्वच्छतेने होत नाही आणि गरोदरपणी आईने काय खाल्ले किंवा काय पाहिले याच्याशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. सौम्य प्रकारात फोड तळहात-तळपायांपुरते राहतात, तर तीव्र प्रकारांत सर्वांग, तोंडाची आतली बाजू, अन्ननलिका आणि डोळ्यांचा पृष्ठभागही त्यांच्या कचाट्यात सापडतो. अशा बालकाच्या आईवडिलांना पहिल्या भेटीतच बहुधा एक वाक्य ऐकावे लागते, ते म्हणजे ‘यावर इलाज नाही’. हे वाक्य शास्त्रदृष्ट्या अपुरे आणि व्यवहारात घातक आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. कारण आजार मुळासकट नाहीसा करणे आणि काहीच न करणे यांच्यामध्ये निगेचा फार मोठा प्रदेश पसरलेला आहे, आणि मुलाचे हात कामाचे राहतात की नाही, ते शाळेत जाते की नाही, त्याला दिवसाकाठी किती वेदना सोसाव्या लागतात, हे बऱ्याच अंशी त्या प्रदेशातच ठरते.

त्वचेची बांधणी आणि तिच्यातील उणीव

मानवी त्वचेचे मुख्य थर दोन. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा. ती केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या पेशींच्या रांगांची बनलेली असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिच्याखालचा जाड थर म्हणजे अंतस्त्वचा. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि कोलॅजेन या प्रथिनाचे धागे तिच्यात असतात. या दोहोंच्या सीमेवर आधारपटल नावाचे अतिसूक्ष्म पटल असून त्याच्या वरून आणि खालून अनेक प्रथिने एकमेकांत गुंतून दोन्ही थर घट्ट बांधून ठेवतात. गोधडीची वरची आणि खालची कापडे टाक्यांमुळे एकजीव राहावीत आणि टाके उसवताच वरचे कापड हाताबरोबर सरकू लागावे, तसा हा प्रकार आहे. उसवलेला टाका नेमका कोणता, यावर आजाराचा प्रकार आणि त्याची तीव्रता ठरते.

केराटिन-५ किंवा केराटिन-१४ या प्रथिनांच्या जनुकात दोष असेल तर बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशीच फाटतात. या प्रकाराला सिम्प्लेक्स म्हणतात, तो सर्वांत अधिक आढळतो, त्यातील फोड बहुधा व्रण न ठेवता भरून येतात, मात्र उष्ण हवेत आणि घामाने ते वाढतात. लॅमिनिन-३३२ हे प्रथिन किंवा त्याच्या जोडीची प्रथिने सदोष असतील तर आधारपटलाच्या आतच फूट पडते. हा जंक्शनल प्रकार, आणि त्याच्या तीव्र उपप्रकारातील, ज्याचे वर्णन स्वीडिश वैद्य हर्लिट्झ यांनी १९३५ मध्ये केले, बहुतेक बालके पहिल्या दोन वर्षांतच दगावतात. तिसऱ्या, म्हणजे डिस्ट्रोफिक प्रकारात, तिसऱ्या गुणसूत्रावरील जनुकातील दोषामुळे कोलॅजेन-७ हे प्रथिन तयार होत नाही किंवा अपुरे होते. आधारपटलाला अंतस्त्वचेत रोवून ठेवणारे तंतू याच प्रथिनाचे असल्यामुळे फूट खोलवर पडते आणि प्रत्येक जखम भरताना कठीण व्रण मागे ठेवते. किंडलर यांनी १९५४ मध्ये वर्णिलेला चौथा प्रकार फारच विरळा असून त्यात फोडांबरोबर त्वचेला ऊनही सोसत नाही.

अमेरिकेत १९८६ ते २००२ या काळात चाललेल्या राष्ट्रीय नोंदणीनुसार, सर्व प्रकार मिळून, दर १० लाख जन्मांमागे सुमारे २० बालके या आजारासह जन्मतात. तोच दर भारतातील वर्षाकाठच्या सव्वादोन ते अडीच कोटी जन्मांना लावला, तर दरवर्षी साडेचारशे ते पाचशे नवी कुटुंबे या प्रश्नाला सामोरी जात असावीत, असा हिशेब निघतो. आजार दुर्मीळ असला, तरी लोकसंख्येच्या विस्तारामुळे त्याचा भार मुळीच दुर्मीळ राहत नाही.

आनुवंशिकतेचा भाग येथे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण घरातील दोषारोपांचे मूळ त्याच्या अज्ञानात असते. सिम्प्लेक्स प्रकार बहुधा प्रभावी रीतीने उतरतो, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली जनुकाची सदोष प्रत आजारास पुरेशी होते. जंक्शनल आणि तीव्र डिस्ट्रोफिक प्रकार अप्रभावी रीतीने उतरतात, म्हणजे सदोष प्रत दोघांकडूनही यावी लागते. अशा आईवडिलांना स्वतःला काहीच त्रास नसतो आणि त्यांच्या प्रत्येक गर्भाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आहे, आणि एकाच आजाआजींकडून आलेली तीच सदोष प्रत दोघांतही असण्याचा संभव अशा विवाहात वाढतो; म्हणून या रीतीचा विचार नातेसंबंधांच्या सोयीपुरता न ठेवता आरोग्याच्या अंगानेही व्हावयास हवा. मात्र रक्ताचे नाते नसलेल्या दांपत्यांच्या पोटीही अशी बालके जन्मतात, आणि नाते असो वा नसो, अप्रभावी प्रकारात वाटा दोघांचाही सारखाच असल्यामुळे सगळा ठपका सुनेवर ठेवण्यास शास्त्राचा कोणताही आधार नाही. पहिल्या अपत्यातील जनुकीय दोष प्रयोगशाळेत निश्चित झाला असेल, तर पुढील गरोदरपणी ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश घेऊन गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा १९९४ चा कायदा जनुकीय आजारांच्या अशा तपासणीस मुभा देतो. पुढे काय करावयाचे हा निर्णय सर्वस्वी त्या दांपत्याचा, परंतु तो माहितीनिशी घेता यावा यासाठी पहिल्या मुलाचे निदान वेळेवर होणे अगत्याचे आहे.

नावापासून निदानापर्यंत

या आजाराला आजचे नाव जर्मन त्वचावैद्य हाइनरिख क्योब्नर यांनी १८८६ मध्ये दिले. त्यानंतरचे पाऊण शतक वैद्यांना केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या फोडांवरून प्रकार ठरवावे लागले. रॉजर पिअर्सन यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेची फूट नेमक्या कोणत्या पातळीवर पडते हे दाखवून वर्गीकरणाला पाया दिला, आणि १९९१ मध्ये सिम्प्लेक्स प्रकारामागील केराटिन जनुकांचे दोष उघडकीस आल्यावर फोडांचे मूळ रेणूंच्या पातळीवर कळू लागले.

या वाटचालीत वैद्यांइतकेच महत्त्वाचे काम पालकांनी केले. ब्रिटनमधील फिलिस हिल्टन यांच्या मुलीला, डेब्राला, हा आजार होता. तिच्या संगोपनात त्यांनी स्वतःच्या निरीक्षणातून पट्ट्या बांधण्याच्या आणि त्वचा जपण्याच्या रीती शोधल्या आणि १९७८ मध्ये मुलीच्याच नावाने एक संस्था उभी केली. पुढे अनेक देशांत त्या नावाच्या संस्था निघाल्या आणि डेब्रा इंडिया ही त्यांतलीच एक. ई. बी.च्या निगेचे शास्त्र मोठ्या प्रमाणावर घरात जन्मले, ते माता आणि परिचारिका यांच्या हातांनी घडवले, आणि वैद्यकाच्या ग्रंथांत ते नंतर दाखल झाले, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात ठळकपणे नोंदली जावयास हवी.

पहिले काही दिवस

तीव्र ई. बी. असलेले बालक अनेकदा पायावर किंवा हातावर त्वचाच नसलेल्या लाल पट्ट्यासह जन्मते, आणि मग नेहमीच्या, एरवी निरुपद्रवी असलेल्या, प्रत्येक कृतीने त्याला इजा होत जाते. नाळेचा प्लास्टिकचा चिमटा पोटावर घासतो, मनगटावरची ओळखपट्टी साल काढते, सलाइन बसवताना लावलेली चिकटपट्टी ओढून काढताच तिच्याबरोबर त्वचा निघून येते, आणि काखेत हात घालून उचलले की तेथे फोड उठतात. जाणकार विभागात नाळ दोऱ्याने बांधतात, ओळखपट्टी कपड्यावर लावतात, चिकटपट्टीऐवजी सिलिकॉनची पट्टी किंवा गुंडाळपट्टी वापरतात आणि बाळाला मऊ गादीसकट, मान व नितंब यांच्याखाली हात देऊन उचलतात. यांपैकी एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही. लागते ती माहिती, आणि तीही पहिल्या काही तासांतच.

घरी आल्यावर परंपरेने चालत आलेल्या गोष्टींचाही फेरविचार करावा लागतो. बाळाला तेल लावून रगडून मालिश करणे, पीठ लावून अंग चोळणे, कमरेला करगोटा बांधणे, मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि पायांत वाळे घालणे, कान टोचणे, या सर्व मायेच्या कृती या बाळाच्या बाबतीत जखमेचे कारण ठरतात. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे नीट उलगडून सांगणे हे डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे काम आहे. त्यांनी ते न केल्यास करगोटा न बांधणारी बाळंतीण घरच्यांच्या लेखी हट्टी ठरते. झबले उलटे घातले म्हणजे शिवण बाहेरच्या बाजूला राहते आणि अंगाला टोचत नाही, मानेवरचा कंपनीचा लेबलाचा तुकडा कापून टाकावा, नाडीऐवजी सैल बंद असावेत, अशा बारीकसारीक गोष्टींनी दिवसभरातील अनेक फोड टळतात.

रोजची मलमपट्टी

तीव्र प्रकारात मलमपट्टी हा दिवसातील एक प्रसंग नसून दिवसाचा कणा असतो. अनेक घरांत तिला दोन-तीन तास लागतात. ई. बी.तील फोड आपोआप थांबत नाही, आतील द्रवाच्या दाबाने तो शेजारच्या ठिसूळ त्वचेत पसरत जातो, म्हणून तो दिसताच निर्जंतुक सुईने त्याच्या सर्वांत खालच्या बाजूला छिद्र पाडून द्रव वाहून जाऊ द्यावा लागतो, आणि वरचे कातडे मात्र तसेच ठेवावे लागते, कारण खालच्या कच्च्या जागेचे तेच उत्तम आवरण असते. जुनी पट्टी कधीही ओढून काढावयाची नसते. कोमट, किंचित मिठाच्या पाण्यात ती भिजवून आपोआप सुटेपर्यंत थांबावे लागते. जखमेवर न चिकटणारी सिलिकॉनची जाळी, तिच्यावर द्रव शोषणारा मऊ थर आणि त्यावर सैल गुंडाळपट्टी, असा क्रम असतो. सिलिकॉनच्या पट्ट्या न परवडणाऱ्या घरांत व्हॅसलीनचा थर दिलेली जाळी आणि धुऊन निर्जंतुक केलेले जुन्या सुती साडीचे तुकडे यांवर भागवले जाते. कोरडा कापूस मात्र जखमेत रुतून बसतो आणि पुढच्या वेळी काढताना पुन्हा रक्त काढतो.

हातांच्या बाबतीत तर पट्टी बांधण्याच्या रीतीवर भवितव्यच अवलंबून असते. डिस्ट्रोफिक प्रकारात शेजारशेजारच्या बोटांवरील जखमा भरताना एकमेकींना जुळतात, त्वचा आक्रसते आणि काही वर्षांत बोटे एकमेकांत मिटून हाताची बंद मूठ होते. शस्त्रक्रियेने बोटे सुटी करता येतात, परंतु काही वर्षांत ती पुन्हा जुळू लागतात. प्रत्येक बोटाला स्वतंत्र पट्टी गुंडाळून आणि बोटांच्या बेचक्यांत मऊ जाळीची पट्टी फिरवून ही प्रक्रिया पुष्कळ लांबवता येते. मूल पेन किती वर्षे धरू शकेल हे अशा रीतीने घरातील बांधणाऱ्या हातावर ठरते.

पट्ट्या बदलताना होणाऱ्या वेदनेला ‘सवय होईल’ असे म्हणून वाऱ्यावर सोडणे अमानुष आहे. मलमपट्टीच्या आधी अर्धा-पाऊण तास योग्य वेदनाशामक देणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तीव्र वेदनेत मॉर्फिनसारख्या औषधांना पर्याय नसतो; भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ही औषधे मिळणे दुष्कर झाले होते, ती वाट २०१४ च्या दुरुस्तीने सोपी केली, तरी तिचा लाभ छोट्या गावांतील रुग्णालयांपर्यंत पोचवणे हे पुढचे काम आहे. वेदनेइतकाच स्वाधीनतेचा प्रश्नही मोठा आहे. मूल कळते झाले की आज आधी कोणता हात सोडायचा, सुई कोणी लावायची, केव्हा क्षणभर थांबायचे, हे त्याला ठरवू द्यावे, आणि जमेल तितकी पट्टी त्याच्याच हातांनी बांधवून घ्यावी. स्वतःच्या शरीरावर स्वतःचे काही चालते ही जाणीव त्याच्या वाढीस अन्नाइतकीच आवश्यक असते.

शरीराच्या आतील बाजू

तोंडातील आणि अन्ननलिकेतील फोडांच्या व्रणांमुळे गिळण्याची वाट अरुंद होत जाते. भाकरीचा कडक पापुद्रा, चिवडा, फरसाण किंवा गरम चहा यांनी आतून साल निघते, म्हणून खिमट, नाचणीची पेज, वरणात कुस्करलेला मऊ भात, दही यांवर भर द्यावा लागतो, आणि मार्ग फारच आकसल्यास रुग्णालयात फुग्याच्या नळीने तो रुंद केला जातो. उघड्या जखमांतून प्रथिने आणि रक्त सतत झिरपत असल्यामुळे या मुलांची अन्नाची गरज सामान्य मुलांहून अधिक आणि खाण्याची क्षमता मात्र कमी, असा पेच पडतो. त्यातून रक्तक्षय आणि खुंटलेली वाढ उद्भवते. गुदद्वाराच्या जखमांच्या भीतीने मूल शौच रोखून धरते आणि बद्धकोष्ठता वाढते, म्हणून आहारात पाणी आणि तंतू यांचा विचार जखमेच्या विचाराइतकाच करावा लागतो.

तीव्र अप्रभावी डिस्ट्रोफिक प्रकारात तारुण्यात येणारा सर्वांत मोठा धोका त्वचेच्या कर्करोगाचा. वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमांच्या जागी तो उद्भवतो, आणि उपर्युक्त अमेरिकी नोंदणीनुसार या उपप्रकारात वयाच्या ५५ व्या वर्षापर्यंत तो होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के आहे. नेहमीपेक्षा निराळी दिसणारी, कडा उचललेली, महिनोन्महिने न भरणारी जखम रोज पट्टी बांधणाऱ्याच्याच नजरेस प्रथम पडते. वेळेवर तुकडा तपासणीस पाठवला जावा यासाठी त्या नजरेवर डॉक्टरांनी विश्वास ठेवणे अगत्याचे आहे.

जनुकीय उपचारांची नवी वाट

गेल्या दोन दशकांत विज्ञानाने या आजाराच्या मुळापर्यंत जाण्याचे धैर्य केले. सिरियातून जर्मनीत आश्रयाला आलेल्या कुटुंबातील ७ वर्षांच्या, जंक्शनल प्रकार असलेल्या मुलाला २०१५ च्या उन्हाळ्यात बोखुम येथील रुग्णालयात दाखल केले, तेव्हा संसर्गामुळे त्याची सुमारे ६० टक्के बाह्यत्वचा नष्ट झाली होती. इटलीतील मोदेना येथील मिकेले दे लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या जांघेतील अवघी ४ चौरस सेंटिमीटर शाबूत त्वचा घेतली, तिच्यातील पेशींत निर्बल केलेल्या विषाणूच्या साहाय्याने लॅमिनिनचे निर्दोष जनुक घातले, त्या पेशींची प्रयोगशाळेत पाने वाढवली, आणि टप्प्याटप्प्याने त्याच्या शरीराचा ८० टक्के भाग नव्या बाह्यत्वचेने झाकला. ही त्वचा टिकली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दीर्घायुषी मूलपेशींची मोजकी संख्या संपूर्ण बाह्यत्वचेला पुन्हा पुन्हा नवे करत राहते, हेही त्यातून सिद्ध झाले.

डिस्ट्रोफिक प्रकारासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये एका जेलला मान्यता दिली. तोंडावर ज्वर उठवणाऱ्या हर्पिस विषाणूची वाढण्याची शक्ती काढून घेऊन त्यात कोलॅजेन-७ चे जनुक भरलेले असते, आणि आठवड्यातून एकदा हे जेल थेंबाथेंबाने जखमेवर सोडून वर पट्टी बांधली जाते. ३१ रुग्णांवरील चाचणीत सहा महिन्यांनंतर या जेलने ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या, तर औषधविरहित जेलने २२ टक्के. हे यश थोर आहे, आणि त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पेशी नव्या येत राहत असल्याने औषध पुन्हा पुन्हा लावावे लागते, अन्ननलिकेच्या आतील जखमांवर ते पोचत नाही, आणि त्याचा वर्षाचा खर्च लाखो डॉलरांच्या घरात जातो. शिवाय हे आधुनिकतम औषध देखील स्वच्छ केलेल्या जखमेवर आणि न चिकटणाऱ्या पट्टीखालीच काम करते. म्हणजे जेथे निगेची घडी बसलेली नाही, तेथे इलाज आला तरी तो टेकायला जागा सापडणार नाही.

समाज, कायदा आणि धोरण

त्वचेचा आजार समाजाला दिसतो, आणि दिसणाऱ्या आजाराची भीती न दिसणाऱ्या आजाराहून मोठी असते. कुष्ठरोग्यांच्या वाट्याला आलेल्या बहिष्काराचा अनुभव आणि आनंदवनासारख्या कार्यातून त्याविरुद्ध झालेले प्रबोधन, हे दोन्ही महाराष्ट्राच्या पदरी आहे. त्यामुळे मुलाच्या अंगावरील पट्ट्या पाहून शाळेत बाकावर शेजारी कोणी बसू न देणे, हे या राज्याला तरी शोभणारे नाही. ई. बी.ने बुद्धीला बाधा येत नाही. मागे गादी लावलेली खुर्ची, मधल्या सुट्टीच्या गर्दीआधी पाच मिनिटे वर्गाबाहेर सोडण्याची मुभा, परीक्षेत लेखनिक आणि वाढीव वेळ, एवढ्या सोयींनी शिक्षण निभावते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत आम्लहल्ल्याच्या पीडितांचा समावेश आहे, जनुकीय त्वचाविकारांचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. बोटे जुळल्यावर हालचालीच्या निकषावर मोजमाप करता येते. परंतु हात निकामी होईपर्यंत दिव्यांगत्व मान्य न करणे म्हणजे जे टाळावयाचे तेच घडण्याची वाट पाहणे होय.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि २०२२ मध्ये त्याखालील साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली; हे साहाय्य मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारख्या निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. या धोरणाचे स्वागतच केले पाहिजे, तथापि त्याची मांडणी रुग्णालयात दिल्या जाणाऱ्या उपचारांभोवती आहे, आणि ई. बी.चा मोठा खर्च तर दर महिन्याच्या पट्ट्या, जाळ्या, पूरक अन्न आणि घरी बसलेल्या आईच्या बुडालेल्या मजुरीचा असतो.

घरातील निगा शास्त्रशुद्ध करता येते, याचा जगाने मानलेला दाखला महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी निगा राखण्याचे शिक्षण दिले, आणि त्यातून त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून प्रसिद्ध झाले. आज आशा कार्यकर्त्या देशभर नवजात बालकांच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचा पाया त्याच कामात आहे. हीच साखळी ई. बी.साठी वापरणे शक्य आहे. घासल्या जागी फोड येणारे बालक आशाने ओळखावे, जिल्हा रुग्णालयाने चिकटपट्टी न लावता त्याला उत्कृष्टता केंद्राकडे पाठवावे, तेथे जनुकीय निदानासोबत आईवडिलांना पट्टी बांधण्याचे प्रत्यक्ष शिक्षण मिळावे, आणि न चिकटणाऱ्या पट्ट्यांचा मासिक पुरवठा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून व्हावा. अतितीव्र जंक्शनल प्रकारात, जेथे आयुष्य वाढवणे हाती नाही, तेथेही वेदनारहित दिवस आणि आईच्या कुशीत निर्धास्त झोप देणे हाती आहे, आणि त्या जबाबदारीतून वैद्यकाला सुटका नाही.

जनुकीय इलाज उद्या स्वस्त होतील आणि भारतात येतील, अशी आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत, आणि त्यासाठीचे संशोधन इथल्या प्रयोगशाळांतही व्हावयास हवे. तथापि तो दिवस उजाडेल तेव्हा त्याचा लाभ ज्यांची बोटे अद्याप सुटी आहेत, ज्यांची अन्ननलिका अद्याप वाहती आहे आणि ज्यांच्या जखमांत कर्करोगाने घर केलेले नाही, त्यांनाच पुरता मिळेल. म्हणून आज घराघरांत, बहुधा बिनमोल आणि बिननावाने, होणारी निगा ही इलाज येईपर्यंतची तात्पुरती तजवीज न मानता इलाजाचाच पहिला आणि अपरिहार्य टप्पा मानावी, तिला शास्त्राची प्रतिष्ठा द्यावी, आणि तिचा खर्च सार्वजनिक तिजोरीने उचलावा. आईवडिलांना पहिल्या भेटीत सांगावयाचे खरे वाक्य असे आहे की, हा आजार आज मुळासकट जात नाही, परंतु करण्यासारखे पुष्कळ आहे, ते शिकता येते, आणि ते करताना त्यांना एकटे सोडले जाणार नाही. या वाक्याचा शेवटचा भाग खरा करून दाखवणे कोणत्याही औषधावर अवलंबून नाही, आणि म्हणूनच ते आजच करता येण्यासारखे आहे.